गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची कळ: आधी उतार थांबवा, मग खुब्याकडे वळा

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. वय 41. गेल्या वर्षी चालायला सुरुवात केली, यंदा पावसाच्या तोंडावर धावायला लागल्या. डिसेंबरात वास्कोजवळ चिखलीला होणाऱ्या गोवा रिव्हर मॅरेथॉनमध्ये 21 किलोमीटर धावायचं ठरवलंय. सराव फर्मागुडीहून खाली म्हार्दोळपर्यंत आणि परत वर. ऑगस्टमध्ये अंतर वाढवलं आणि उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ यायला लागली. सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर काहीच नाही, मग उतारावर एकदम तीक्ष्ण कळ. थांबल्या की थोड्या वेळात कमी. चवथीच्या गडबडीत आठ-दहा दिवस धावणं बंद होतं तेव्हा वाटलं गेलं एकदाचं. पुन्हा धावल्या तर त्याच ठिकाणी परत हजर. शाळेत पहिल्या मजल्यावरून उतरताना कठडा धरावा लागतो. गुडघ्याला सूज नाही, तो अडकतही नाही. एकाने मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटला असेल, एमआरआय करा म्हणून सांगितलं. दुसऱ्याने फोम रोलर, म्हणजे फोमचं कडक नळकांडं, घ्यायला लावलं. त्यावर रोज मांडीची बाहेरची बाजू डोळ्यांत पाणी येईपर्यंत घासतात, मांडी काळीनिळी झालीय आणि दुखणं तसंच आहे. आता त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: हे नक्की काय, एमआरआय करू का, आणि डिसेंबरात धावता येईल का.

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की निदान जवळजवळ तुमच्या वर्णनातच आहे. हे इलियोटिबियल बँडचं दुखणं वाटतं. धावणारी मंडळी त्याला आयटी बँड म्हणतात, मीही तेच म्हणेन. हात लावून तपासल्याशिवाय शंभर टक्के कुणी सांगू नये, पण ठरावीक अंतरानंतर सुरू होणं, उतारावर आणि जिना उतरताना वाढणं, थांबल्यावर निवणं, विश्रांतीत पूर्ण नाहीसं होऊन पहिल्याच दमदार धावण्याला परत येणं, या चार गोष्टी एकत्र आल्या की माझं लक्ष दुसरीकडे फार जात नाही. तुम्ही सूज नाही, गुडघा अडकत नाही असंही लिहिलंय, ती मोठी मदत आहे.

आधी आत काय चाललंय ते समजून घ्या, कारण उपचार सगळा त्यावरच उभा आहे. आयटी बँड म्हणजे मांडीच्या बाहेरच्या अंगाने कमरेच्या हाडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत उतरणारा रुंद, चिवट पट्टा. वरच्या टोकाला त्यात दोन स्नायू येऊन मिळतात. पुढच्या बाजूने, पँटच्या खिशाच्या जागी असलेला टेन्सर फॅशिया लाटा आणि मागून कुल्ल्याचा मोठा स्नायू, ग्लुटियस मॅक्सिमस. खाली हा पट्टा गुडघ्याचा सांधा ओलांडून नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर रुततो. मधल्या वाटेत तो सुटा नसतो. मांडीच्या हाडाला तो लांबवर आतून बांधलेला असतो, आणि गुडघ्याच्या थोडं वर, हाडाचा जो गोल उंचवटा हाताला लागतो तिथेही तंतूंनी जखडलेला असतो. हे जखडलेलं असणं लक्षात ठेवा, रोलरचा विषय आला की त्याचा उपयोग होईल.

1975 साली अमेरिकेच्या मरीन दलात प्रशिक्षण घेणाऱ्या सैनिकांमध्ये हे दुखणं पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं. तेव्हापासून बरीच वर्षं सगळे असंच समजत होते की गुडघा वाकताना-सरळ होताना पट्टा त्या उंचवट्यावरून पुढे-मागे घासतो आणि पट्ट्याखालची द्रवाची छोटी पिशवी सुजते. 2006 साली फेअरक्लफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीररचनेचा बारकाईने अभ्यास करून दाखवलं की पट्टा तिथे इतका घट्ट बांधलेला आहे की तो असा सरकूच शकत नाही. सरकल्यासारखा दिसतो, कारण गुडघा वाकला की ताण पट्ट्याच्या पुढच्या तंतूंवरून मागच्या तंतूंवर जातो. पट्टा आणि हाड यांच्यामध्ये चरबीचा एक थर आहे, त्यात नसांची टोकं आणि रक्तवाहिन्या भरपूर आहेत. गुडघा साधारण 30 अंशात वाकलेला असताना हा थर पट्ट्याखाली दाबला जातो. पुन्हा पुन्हा, हजारो पावलं दाबला गेला की तो चिडतो. तुमची कळ तिथून येते.

30 अंश हा आकडा सगळं सांगतो. धावताना पाय टेकतो त्या क्षणी आणि लगेच नंतर गुडघा नेमका त्याच्या आसपास असतो. उतारावर पाय पुढे पडतो, अंगाचा भार तोलून धरावा लागतो आणि गुडघा त्या कोनात भाराखाली जास्त वेळ राहतो. जिना उतरताना तेच. सपाटीवर चालताना त्या कोनात मोठा भार पडत नाही, म्हणून चालणं सहसा त्रास देत नाही. आणि एक गोष्ट, जी ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं: रमतगमत, हळू धावण्यापेक्षा थोडं जोरात धावणं या दुखण्यात बरेचदा कमी दुखतं, कारण वेगात पाय टेकताना गुडघा त्या कोनाच्या पुढे जाऊन जास्त वाकलेला असतो. तुम्ही फर्मागुडीचा उतार गुडघा जपायचा म्हणून हळूहळू, ब्रेक लावत उतरत असाल तर नेमका त्या थरावरच भार टाकत होता.

आता तपासणी. माझ्याकडे आलात तर मी आधी बोट ठेवायला सांगतो: एका बोटाने दाखवा कुठे दुखतं. आयटी बँडवाले बहुतेक जण तळवा फिरवत नाहीत, बोट नेमकं गुडघ्याच्या सांध्याच्या दोनेक सेंटीमीटर वर, बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर ठेवतात. मग पाठीवर झोपवून गुडघा काटकोनात वाकवतो, त्या उंचवट्यावर अंगठा दाबून धरतो आणि पाय सावकाश सरळ करायला लावतो. साधारण 30 अंशावर येताच माणूस म्हणतो, हीच ती कळ. याला नोबलची चाचणी म्हणतात. घरी तुमच्या यजमानांना किंवा मैत्रिणीला अंगठा धरायला सांगून तुम्ही हे करून बघू शकता. फक्त नेहमीचीच ओळखीची कळ आली तर चाचणी जुळली असं समजा. दाबल्यावर कुठेही थोडं दुखतंच, त्याला अर्थ नाही. दुसऱ्या पायावरही करून फरक बघा.

कुशीवर झोपवून वरचा पाय मागे नेऊन खाली सोडायचा, तो खाली येतो का ते बघायचं, अशी ओबरची चाचणी 1936 पासून चालत आलीय. मी ती करतो, पण निदान तिच्यावर ठरवत नाही. पाय खाली आला नाही तर पट्टा आखडलाय असं समजायची पद्धत आहे, प्रत्यक्षात त्यात खुब्याचे लहान स्नायू आणि सांध्याची आवरणं यांचा वाटा मोठा असतो.

त्यापेक्षा मला एका पायावर उभं राहून बसकण मारताना माणूस कसा दिसतो हे जास्त सांगून जातं. छोट्या पायरीवर उभं करतो आणि दुसऱ्या पायाची टाच जमिनीला टेकवून परत वर यायला सांगतो, आरशासमोर, शॉर्ट्स घालून. कमरेचं दुसऱ्या बाजूचं हाड खाली झुकतं का, गुडघा आत अंगठ्याच्या रेषेकडे वळतो का, धड एका बाजूला कलतं का, हे बघतो. थकल्यावर काय होतं ते बघायला पंधरा-वीस वेळा करून घेतो. सुरुवातीच्या पाच वेळा सगळे नीटच करतात. तुम्हाला दोन-तीन किलोमीटर काहीच होत नाही आणि मग सुरू होतं, त्यात या थकव्याचाही हात असतो.

आता बाकीच्या शक्यता, म्हणजे एमआरआयचा प्रश्नही त्यातच सुटेल. बाहेरच्या मेनिस्कसची दुखापत असेल तर बहुधा पाय मुरडल्याची, वळल्याची आठवण असते. दुखणं उंचवट्यावर नसून त्याच्या खाली, सांध्याच्या फटीत असतं. उकिडवं बसलं की दुखतं, एक-दोन दिवसांत सूज येते, गुडघा अडकतो किंवा दगा देतो. बाहेरच्या लिगामेंटला इजा फुटबॉल खेळताना, स्कूटरवरून पडल्यावर होते, आपोआप होत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा दुखत असेल तर जागा मागे आणि खाली, पायाच्या बारीक हाडाच्या डोक्याजवळ. वाटीचं दुखणं पुढे असतं आणि बराच वेळ बसून उठताना जाणवतं. कमरेतून आलेलं दुखणं मांडीपासून नडगीच्या बाहेरून पावलापर्यंत जातं, मुंग्या येतात, शिंकताना-खोकताना वाढतं. आपल्याकडे पावसाळ्यानंतर आणखी एक गोष्ट विचारावी लागते: ताप येऊन गेला का? चिकुनगुनियानंतर सांधे कित्येक आठवडे, कधी महिने धरतात. पण ते सहसा एकाच ठिकाणी नसतं. सकाळी ताठरपणा असतो, हाता-पायांचे लहान सांधेही दुखतात.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, एका पायावर उडी मारताच हाडात खोल उठणारी कळ, गरम आणि लाल सुजलेला गुडघा, ताप, गुडघा सरळच न होणं, पायावर भार न पेलणं, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे, नाहीतर सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जा.

तुमच्या बाबतीत यातलं काही दिसत नाही, म्हणून एमआरआय आत्ता करू नका. खर्च ही एक बाब झाली. मला जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. चाळिशीनंतर अजिबात न दुखणाऱ्या अनेक गुडघ्यांतही एमआरआयवर मेनिस्कसमध्ये काही ना काही झीज, एखादी चीर दिसते. ती तशीच तुमच्या गुडघ्यात दिसली, रिपोर्टात छापून आली, की तिच्या नावावर हे दुखणं चढतं आणि लोक दुर्बिणीच्या ऑपरेशनपर्यंत जाऊन पोचतात. मूळ कळ मात्र तिथेच राहते. असे लोक मी पाहिलेत आणि वाईट वाटतं. नीट उपचार करून सहा ते आठ आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा मध्ये सूज, अडकणं असं काही नवीन सुरू झालं, तर एमआरआयला अर्थ आहे. पट्ट्याखाली सूज किंवा पाणी आहे का हे तेव्हा दिसेल आणि बाकीच्या शंकाही मिटतील.

रोलरबद्दल स्पष्टच सांगतो: ज्या पद्धतीने तुम्ही वापरताय तो बंद करा, आजपासून. तो पट्टा मांडीच्या हाडाला बांधलेला आहे हे वर सांगितलं. तो चामड्याच्या जाड पट्ट्यासारखा आहे, माणसाच्या वजनाने, हाताने, रोलरने त्याची लांबी वाढत नाही. 2008 साली गणित मांडून दाखवलंय की मांडीच्या या आवरणात एक टक्का बदल घडवायलाही माणसाच्या हाताच्या ताकदीपलीकडचा जोर लागतो. म्हणजे रोलरने पट्टा सैल होत नाही. होतं इतकंच की गुडघ्याच्या वरच्या त्या उंचवट्यावर रोलर गेला की आधीच दबून चिडलेला थर तुम्ही स्वतःच परत दाबता. मांडी काळीनिळी झाली म्हणजे उपचार लागू पडला असा अर्थ नाही. तुम्हाला रोलर आवडतच असेल तर कुल्ल्याखाली आणि पुढच्या खिशाच्या जागेवर मिनिटभर फिरवा, तिथे स्नायू आहे, त्याला हलकं वाटतं. मांडीच्या बाहेरच्या खालच्या अर्ध्या भागाला हात लावू नका. पाय मागे टाकून कमरेतून वाकायचे जे ताणाचे व्यायाम धावणारे लोक करतात, त्यांच्याबद्दलही माझं मत तेच: केल्याने बरं वाटत असेल तर करा, पण बरं होण्याचं श्रेय त्यांना देऊ नका.

मग करायचं काय? पहिले दोन आठवडे एकच काम: चिडलेल्या थराला चिडवायचं नाही. धावणं पूर्ण बंद. याला लोक घाबरतात, पण सपाटीवर दुखत नाही तेवढं चालणं चालू ठेवा, रोज. उतार टाळा, म्हार्दोळचा रस्ता तर विसराच काही दिवस. शाळेत मुख्याध्यापकांना सांगून महिनाभर खालच्या मजल्यावरचा वर्ग मागून घ्या, त्यात लाजायचं काय? जिना उतरावाच लागला तर कठडा धरून, दुखरा पाय आधी खाली टाका, म्हणजे वाकून भार धरायचं काम चांगला पाय करेल. धावल्याशिवाय चैन पडत नसेल तर पोहा. पणजीत कांपालच्या जलतरण तलावात नाहीतर घराजवळ जिथे सोय असेल तिथे, पाय सरळ ठेवून लाथा मारायच्या. सायकल चालवताना दुखलं नाही तरच चालवा. बर्फ कपड्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन वेळा, याने कळ कमी होते. त्याने पट्टा बरा होतो असं नाही. डायक्लोफेनॅकचा वेदनाशामक जेल लावायला हरकत नाही. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून आणि थोडेच दिवस, आणि रक्तदाब, आम्लपित्त, मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. गोळी खाऊन धावायला जाणं ही सर्वात वाईट कल्पना, कारण थांबायला सांगणारी कळच तुम्ही झाकून टाकता.

इंजेक्शनबद्दलही विचाराल म्हणून सांगतो. ताज्या, जोरदार दुखण्यात पट्ट्याखाली स्टिरॉइड दिलं तर पहिल्या दोन आठवड्यांत धावताना दुखणं कमी होतं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या 2004 च्या छोट्या चाचणीत दिसलं. पण ते दुखणं कमी करतं, दुखण्याचं मूळ तसंच राहतं. तुमच्या टप्प्यावर मी ते सुचवणार नाही.

दुसरं काम, आणि हेच खरं काम, खुब्याच्या बाजूचे स्नायू. एका पायावर उभं राहताना कमर समतोल ठेवणारा ग्लुटियस मिडियस कमी पडला की मांडी आत वळते, पट्टा ताणला जातो आणि खालचा थर दाबला जातो. 2000 साली स्टॅनफर्डच्या फ्रेडरिक्सन यांनी 24 धावपटूंमध्ये दुखऱ्या पायाच्या खुब्याची ताकद कमी असल्याचं मोजलं. सहा आठवडे व्यायाम करून घेतल्यावर त्यातले 22 जण न दुखता धावायला लागले. त्या अभ्यासात तुलनेसाठी व्यायाम न करणारा दुखरा गट नव्हता, आणि कमकुवतपणा आधी की दुखणं आधी यावर अजून एकमत नाही. तरीही मी हा व्यायाम प्रत्येकाला देतो, कारण रोजच्या कामात त्याचा उपयोग दिसतो आणि तोटा काही नाही.

सुरुवात कुशीवर झोपून. पाठ, कुल्ले आणि टाच भिंतीला टेकलेली. खालचा पाय वाकवून ठेवा, वरचा सरळ. आता वरचा पाय टाच भिंतीवर घासत सावकाश वर न्या, बोटं समोर किंवा किंचित खाली, वर नाहीत. तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. भिंत हवीच. भिंत नसली की पाय नकळत पुढे येतो आणि खिशाजवळचा स्नायू सगळं काम उचलतो. त्याला आधीच जास्त काम आहे. बरोबर केलं तर दहाव्या वेळेपर्यंत कुल्ल्याच्या वरच्या, बाजूच्या भागात जळजळ व्हायला हवी. मांडीच्या पुढे जळजळ होत असेल तर टाच भिंतीपासून सुटलीय. दहाचे तीन फेरे, दिवसाआड. पंधरापर्यंत गेलात की घोट्याला वजन बांधा.

त्यासोबत पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणं, आठ-दहाचे तीन फेरे. तिसऱ्या आठवड्यापासून घोट्याच्या वर रबराचा पट्टा बांधून आडवी पावलं, गुडघे थोडे वाकलेले, पावलं समोर. आणि चौथ्यापासून पायरीवरून टाच टेकवून वर येणं, जे मी तपासणीत करून घेतो तेच. हा व्यायाम मला सर्वात प्रिय आहे, कारण त्यात जिना आणि उतार दोन्हींची तयारी होते. सुरुवात एका विटेच्या उंचीने करा. आरसा समोर, गुडघा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत, कमरेचे दोन्ही बाजूंचे हाडाचे उंचवटे एका पातळीत. ओळखीची कळ आली तर उंची कमी करा. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या पायऱ्या फार उंच असतात, त्यांवर लगेच जाऊ नका.

अर्धा तास झपझप चालून आणि त्या छोट्या पायरीवर पंधरा वेळा खाली-वर करून काहीच दुखलं नाही, म्हणजे धावायची वेळ आली. ती दोन आठवड्यांत येईल किंवा पाच, तारखेवर जाऊ नका. पहिल्यांदा एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं सहा-आठ वेळा. दिवसाआड. शाळेचं मैदान चालेल, रविवारी पणजीत आलात तर कांपाल ते मिरामार रस्ता चांगला सपाट आहे. धावण्याची ती मिनिटं रेंगाळत धावू नका, थोडी चपळ धावा, कारण वर सांगितलंच. नंतर धावणं वाढवत, चालणं कमी करत जायचं. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: आधी वेळ, मग अंतर, मग चढ, आणि सर्वात शेवटी उतार.

एक नियम मात्र अगदी कडक पाळा. मांडीच्या, पोटरीच्या थकव्याच्या दुखण्यात थोडं सोसून पुढे जाता येतं. आयटी बँडच्या कळेत नाही. कळ सुरू झाली की थांबा आणि चालत परत या. आणखी एक किलोमीटर ओढला तर दोन आठवड्यांची मेहनत जाते. दोन-तीन दिवसांनी आधीच्या पायरीपासून परत सुरू करा.

धावण्याच्या पद्धतीत दोनच गोष्टी बदला. पहिली, पावलं थोडी लहान आणि थोडी जलद. अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा, चाराने गुणा, ती तुमची मिनिटाची पावलं. त्यात पाच ते सात टक्के वाढ करा, त्याहून जास्त नको, दमायला होतं. पाऊल लहान झालं की पाय अंगाच्या जवळ पडतो आणि भार कमी होतो. दुसरी, पाय एकमेकांच्या रेषेत पडू देऊ नका. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ बघा: उजवा पाय रेघेच्या उजवीकडे, डावा डावीकडे, रेघेवर कुणाचंही पाऊल पडू नये. बारीक वाटतं, पण पाय मधल्या रेषेत किंवा ओलांडून पडणाऱ्यांमध्ये पट्ट्यावर ताण जास्त येतो, आणि पावलं जरा रुंद टाकली की तो लगेच कमी होतो. सुरुवातीला विचित्र वाटेल, काही आठवड्यांत अंगवळणी पडेल.

रस्त्याचा कल हा आपल्याकडचा खास विषय. पावसाचं पाणी गटारात जावं म्हणून आपले रस्ते कडेला उतरते असतात आणि सुरक्षिततेसाठी आपण रोज त्याच कडेने धावतो. एक पाय कायम खाली, एक वर. समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून उजवी बाजू सोडू नका, पण मोकळी, सपाट जागा शोधा. किनाऱ्यावरही तसंच: भरतीच्या वेळी कोरडी पट्टी उतरती असते, ओहोटीला ओली, घट्ट, जवळजवळ सपाट वाळू मिळते. धावायचं तर ओहोटीची वेळ बघून, आणि जितकं जाल तितकंच त्याच पट्टीवरून परत या, म्हणजे कल दोन्ही पायांना वाटून येतो. बुटांवर फार पैसे घालू नका. तळ झिजला असेल तर बदला, एवढंच.

इथे जरा दुसऱ्यांसाठी. आयर्नमॅन 70.3 या पोहणं, सायकल आणि धावणं एकत्र असलेल्या शर्यतीतल्या 90 किलोमीटर सायकलिंगसाठी तयारी करणारे बरेच जण हीच कळ घेऊन येतात. त्यांच्यात मी आधी सीट बघतो. सीट उंच असेल तर पेडल खाली जाताना गुडघा त्या 30 अंशाच्या पुढे सरळ होतो आणि प्रत्येक फेरीला तोच थर दाबला जातो. सीट थोडी खाली करून आणि बुटाखालची क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) बोटं फार आत वळवत नाही ना ते तपासून काहींचं दुखणं आठवड्याभरात अर्धं झालंय. शिर्डीच्या किंवा पंढरीच्या पदयात्रेला निघणाऱ्यांना मी सांगतो: घरी चढ-उताराची सवय नसताना एकदम रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालू नका, महिनाभर आधीपासून वाढवत न्या. घाट उतरताना काठी घ्या, आणि लंगडायला लागलात तर गाडीत बसण्यात भक्ती कमी होत नाही.

ऑपरेशनचा विचार, पट्ट्याचा तो भाग थोडा कापून सैल करण्याचा, फार थोड्यांवर येतो आणि तोही सहा महिने सगळं मनापासून करून झाल्यावर. तुमच्यासाठी तो विषय नाही.

आता डिसेंबर. मला तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही आणि उगाच घाबरवायचंही नाही. आज सप्टेंबर संपत आलाय. सगळं नीट झालं तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तुम्ही धावणं-चालणं करत असाल, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सपाटीवर पाच किलोमीटर न थांबता. तिथून सहा आठवड्यांत 21 वर उडी मारणं म्हणजे ऑगस्टमध्ये जे झालं तेच परत करणं. आयोजकांना लगेच विचारा, अंतर बदलून 10 किलोमीटर मिळतं का. नोव्हेंबर संपेपर्यंत तुम्ही आठ किलोमीटर, त्यात एखादा लहान उतार धरून, कळ न येता धावलात आणि दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना कठडा न धरता उतरलात, तर 10 किलोमीटर नक्की धावा. तसं झालं नाही तर यंदा पाणी वाटणाऱ्यांत उभं राहा आणि 21 पुढच्या वर्षी. महिन्याभराने तुमची पायरीवरची बसकण बाजूने आणि समोरून मोबाइलवर चित्रित करून पाठवा. कंबर झुकतेय का ते मी बघून सांगतो.